बढाईखोराच्या पाठीमागे कोण उभं आहे?

भोपाळमधल्या लाकडाच्या वखारीत सुरमा भोपाली बसला आहे. तोंडात पान, ऐकायला जमलेली चार माणसं आणि गोष्ट ऐन रंगात आलेली. जय आणि वीरू या दोन अट्टल बदमाशांना आपण एकट्याने कसं पकडलं, कसं बदडून काढलं, याचं वर्णन तो हातवारे करत सांगतो आहे. प्रत्यक्षात जय-वीरू आपल्या पायांनी त्याच्याकडे आले होते. आम्हाला पोलिसांच्या हवाली कर, बक्षीस मिळेल ते वाटून घेऊ, हा सौदाही त्यांनीच मांडला होता. आता तुरुंगातून सुटून ते आपला वाटा मागायला आलेत आणि सुरमाच्या पाठीमागे उभे राहून स्वतःच्याच धुलाईची कहाणी ऐकताहेत. प्रेक्षकाला ते दिसतात, सुरमाला दिसत नाहीत. तो मान वळवेपर्यंत थिएटरात हशा थांबत नाही.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ तीन तासांहून मोठा आहे. त्यात सुरमा झालेल्या जगदीप यांच्या वाट्याला आलेली मिनिटं हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरीही लोकांनी सुरमाला डोक्यावर घेतलं, इतकं की १९८८मध्ये जगदीप यांनी त्याच्याच नावाचा अख्खा सिनेमा दिग्दर्शित केला. सुरमाच्या बोलण्यातला भोपाळी ढंग अस्सल वाटतो, कारण सलीम-जावेद या लेखकजोडीतल्या जावेद अख्तर यांचे कॉलेजचे दिवस भोपाळमध्ये गेले होते. पण त्या प्रसंगाची ताकद बोलीपेक्षा मांडणीत जास्त आहे. कोण कुठे उभं आहे आणि कुणाला काय ठाऊक आहे, यावर सगळं बेतलेलं आहे.

बढाईखोराला एकट्याने बढाई मारता येत नाही. त्याला निदान एक ऐकणारा लागतो. आणि बढाईचा विनोद व्हायचा असेल, तर खरं काय घडलं ते ठाऊक असलेला आणखी कुणीतरी लागतो. रंगभूमीवर हा तिसरा माणूस प्रेक्षकांकडे वळून काहीतरी पुटपुटतो. सिनेमाला तेवढंही करावं लागत नाही. पडद्यावर कान आणि डोळे यांना एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी देता येतात, म्हणून बढाया कानांनी ऐकायच्या आणि सत्य डोळ्यांनी पाहायचं, अशी सोय सिनेमात आपोआप होते. जुन्या सिनेमांतले बढाईखोर आजही ताजे वाटतात ते मुख्यतः यामुळे.

हा प्रकार सर्वात शुद्ध रूपात पाहायचा असेल, तर जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांच्या ‘सिंगिंग इन द रेन’ची (१९५२) सुरुवातीची काही मिनिटं पाहावीत. काळ १९२७चा. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरबाहेर नव्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाची गर्दी उसळली आहे. पांढऱ्याशुभ्र पोशाखातला नट डॉन लॉकवुड मायक्रोफोनसमोर उभा राहून रेडिओच्या श्रोत्यांना आपली जीवनकथा सांगतो. लहानपणापासून उत्तमोत्तम नाटकं पाहिली, रीतसर संगीतशिक्षण घेतलं, मोठमोठ्या सभागृहांतून कार्यक्रम केले, आणि या सगळ्यात प्रतिष्ठा कधी सोडली नाही, असं तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. त्याच वेळी पडद्यावर दिसतात दारूच्या गुत्त्यात नाचून सुटे पैसे वेचणारी दोन पोरं, तिकीट न काढता भीतिपटाला घुसणारी दोन पोरं आणि आडगावातल्या रंगमंचावर प्रेक्षकांची हुर्यो झेलणारी नर्तकांची जोडी. निवेदन आणि दृश्य यांची गाठ एकदाही पडत नाही. गर्दी भारावते, रेडिओवाली बाई गहिवरते. सगळं खरं पाहिलेलं असतं ते फक्त आपण.

यातली खोच सहज निसटून जाण्यासारखी आहे. डॉन जे लपवतो आहे, ते लाज वाटावी असं काहीच नाही. पडेल ते काम करत, पडत-झडत, स्टंटबाजी करून तो वर आला आहे. त्याची खरी कहाणी त्याच्या थापेपेक्षा कितीतरी अभिमानाची आहे. तो बढाई मारतो ती चुकीच्या गोष्टीची. हा सिनेमा मूकपटाकडून बोलपटाकडे जाणाऱ्या काळाचा, म्हणजे आवाज आणि चित्र यांची जोडणी नव्याने होत होती त्या काळाचा आहे. अशा सिनेमाने आपल्या नायकाची ओळख आवाज आणि चित्र यांच्या भांडणातून करून द्यावी, हे दिग्दर्शकांचं कौशल्य पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे.

आकडे हा बढाईखोराचा दुसरा कच्चा दुवा. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ यात सगळ्यांचा आजोबा. जाडजूड, म्हातारा, कर्जबाजारी सरदार; इंग्लंडच्या राजपुत्राचा दारूच्या अड्ड्यावरचा मित्र. तो आणि त्याचे साथीदार वाटसरूंना लुटतात. लगेच वेषांतर केलेला राजपुत्र एका दोस्ताला घेऊन त्याच लुटारूंना लुटतो आणि फॉल्स्टाफ धूम ठोकतो. अड्ड्यावर परतल्यावर तो आपल्या लढाईची हकिकत सुरू करतो. हल्लेखोर आधी दोन असतात. बोलता बोलता त्यांचे चार होतात, चाराचे सात, साताचे नऊ, नवाचे अकरा. समोर बसून हे ऐकणारा राजपुत्र स्वतःच त्या दोघांतला एक. ऑर्सन वेल्स यांनी १९६५च्या सुमारास स्पेनमध्ये चित्रित केलेल्या ‘चाइम्स ॲट मिडनाइट’मध्ये स्वतः फॉल्स्टाफ साकारला. पितळ उघडं पडल्यावर फॉल्स्टाफ क्षणभरही खजील होत नाही. मी तुला ओळखलंच होतं, युवराजावर हात कसा टाकणार, असं म्हणून तो स्वतःच्या पळपुटेपणाचीही फुशारकी मारतो. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण त्याला लागू पडते खरी, पण पकडला गेल्यावरही तो ज्या चपळाईने निसटतो ते पाहून त्याच्यावर प्रेम जडतं.

‘शोले’कडे परत यायचं तर त्या सिनेमात बढाईखोर एकटा सुरमा नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले असरानी त्यात जेलर आहेत. मिशी आणि आवेश चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ची (१९४०) आठवण करून देणारे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं उलटून गेली तरी हा गृहस्थ आपण इंग्रजांच्या जमान्यातले जेलर असल्याचा टेंभा मिरवतो. मग शिपायांना हुकूम सोडतो: अर्ध्यांनी इकडे जा, अर्ध्यांनी तिकडे जा, उरलेल्यांनी माझ्यामागे या. हिशेब सरळ आहे, मागे कुणीच उरत नाही. रिकाम्या जागेला पाठीशी घेऊन तो रुबाबात चालू लागतो.

आणि डाकू गब्बर? त्यालाही आपल्या दहशतीचं केवढं कौतुक. सरकारने आपल्या डोक्यावर किती इनाम लावलंय, हे त्याला आपल्या माणसांसमोर ऐकवायचं असतं. पण तो आकडा तो स्वतः आधी उच्चारत नाही. खडकावर बसलेल्या सांभाला विचारतो, आणि पन्नास हजार हे उत्तर वरून सांभाच्या तोंडून येतं. लेखकांची जाण इथे दिसते. सुरमाला आपली टिमकी आपल्यालाच वाजवावी लागते. गब्बरपाशी त्यासाठी माणूस आहे. शिवाय गब्बरचा आकडा खरा आहे. म्हणून सुरमाच्या बोलण्यावर हशा पिकतो आणि गब्बरच्या प्रश्नावर थिएटर चिडीचूप होतं. एकाच सिनेमात बढाईची ही दोन टोकं.

मोजून सांगणारा असा साथीदार दोन हजार वर्षांहून जुना आहे. इसवी सनापूर्वी २०५च्या आसपास रोममध्ये प्लॉटस या नाटककाराने एका फुशारकीखोर सैनिकावर नाटक लिहिलं. त्याच्या पहिल्याच प्रवेशात सैनिकाच्या अन्नावर जगणारा एक भाट आहे. मालकाने कुठल्या देशात किती शत्रू मारले याची तो यादी सांगतो आणि बेरीज सात हजारांवर नेऊन ठेवतो. मालकाची पाठ वळली की तोच प्रेक्षकांना सांगतो की हे सगळं जेवणासाठी चाललंय. या रोमन नाटकांच्या मसाल्यातून ब्रॉडवेवर एक संगीतिका झाली आणि १९६६मध्ये रिचर्ड लेस्टर यांनी तिच्यावर सिनेमा केला. त्यातही छाती फुगवून चालणारा तो सेनानी आहे.

आपल्याकडची परंपराही तोलामोलाची आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शकार म्हणजे राजाचा मेहुणा, आणि त्या नात्याच्या जोरावर उज्जयिनीत माजलेला. त्याला विद्वत्ता दाखवायची असते, पण पुराणकथांची तो भलतीच खिचडी करतो. सुभद्रेला हनुमानाने पळवून नेल्याचं बेधडक ठोकून देतो. पहिल्याच अंकात तो रात्रीच्या अंधारात गणिका वसंतसेनेचा पाठलाग करतो. ती आपल्या सेवकांना हाका मारते, तेव्हा पुरुष आले की काय म्हणून त्याची पाचावर धारण बसते. ती दासीला बोलावते आहे असं कळताच तो लगेच शूर होतो. बायकाच ना, शंभर मारीन, म्हणतो. शूद्रकाने हा विनोद हसण्यापुरता ठेवलेला नाही. पुढे हाच शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर ढकलतो. भित्र्या माणसाच्या हाती सत्ता असली की त्याच्या बढाया किती महागात पडतात, हे त्या नाटकात स्पष्ट दिसतं. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे शकार मराठी रंगभूमीवर रुळला. गिरीश कार्नाड यांनी १९८४मध्ये याच कथेवरून ‘उत्सव’ केला, तेव्हा रेखाच्या वसंतसेनेसमोर शकार उभा केला तो निर्माते शशी कपूर यांनी स्वतः. देखण्या नायकाच्या भूमिका वर्षानुवर्षं केलेल्या नटाने हे मठ्ठ आणि लंपट पात्र किती मोकळेपणाने रंगवलं, ते आवर्जून पाहावं.

महाभारताच्या विराटपर्वातल्या उत्तराची गोष्ट मात्र याहून हृद्य आहे, आणि तिच्यावर आपण थोडा अन्यायही केला आहे. राजा विराट त्रिगर्तांशी लढायला गेलेला असताना कौरव दुसऱ्या बाजूने येऊन गाई वळवून नेतात. गवळ्यांचा प्रमुख धावत राजवाड्यात येतो. राजपुत्र उत्तर तेव्हा अंतःपुरात, बायकांच्या घोळक्यात. चांगला सारथी असता तर आत्ताच्या आत्ता कौरवांची दाणादाण उडवली असती, कौरवांना प्रत्यक्ष अर्जुनच आल्यासारखं वाटलं असतं, असं तो बोलून जातो. ऐकणाऱ्यांत सैरंध्री आहे, म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी. ती बृहन्नडेचं नाव सुचवते, आणि बृहन्नडा म्हणजे खुद्द अर्जुन. सुरमाच्या वखारीतली मांडणी इथे व्यासांनी आधीच करून ठेवली आहे. राजकन्या उत्तरा तर येताना बाहुल्यांसाठी कौरवांची रंगीबेरंगी वस्त्रं आणायला सांगते. पुढे सैन्य दिसताच उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो. तो रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि लांब वेणी, लाल वस्त्रं फडफडवत बृहन्नडा त्याच्यामागे. पकडल्यावर सोनं घे, हत्ती घे, पण मला सोड, अशी त्याची विनवणी.

हा प्रसंग पडद्याला मोहात पाडणाराच आहे. कमलाकर कामेश्वर राव यांच्या ‘नर्तनशाला’ (१९६३) या तेलुगू चित्रपटात एन. टी. रामाराव यांचा अर्जुन आणि रेलंगी यांचा उत्तरकुमार आहे. रेलंगी हे तेलुगूतले लाडके विनोदी नट. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’ने (१९८८-९०) हाच उत्तर देशभरातल्या घराघरांत पोचवला. मराठी घरांत तर तो आधीपासूनच होता. घरात बसून मोठमोठ्या बाता मारणाऱ्या पोराला आजही आजी उत्तरकुमार म्हणते.

अन्याय तो इथे. पळालेल्या उत्तराला अर्जुन सारथी करतो आणि तो रथ नीट हाकतो. लढाई जिंकून परतल्यावर भर सभेत बापाने पाठ थोपटली, तेव्हा सगळं श्रेय आयतं हाताशी असूनही तो घेत नाही. गाई मी जिंकल्या नाहीत, एका देवपुत्राने जिंकल्या, असं सांगतो. अर्जुनाचं गुपित राखतो आणि खोटं श्रेयही नाकारतो. पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हत्तीवरून शल्यावर चाल करून जातो आणि शल्याच्या हातून मरतो. बोलघेवड्या पोराचा एका दिवसात माणूस झाला आणि त्याने रणात प्राण दिला, हा गोष्टीचा उत्तरार्ध आपण विसरलो. त्याचं नाव मात्र त्या अंतःपुरातल्या दोन वाक्यांना कायमचं चिकटलं. पडद्यावरही पळापळच ठसठशीत राहते, सभेतला प्रामाणिकपणा भुर्रकन निघून जातो. एखाद्या दिग्दर्शकाने उत्तराला नायक करून पूर्ण गोष्ट सांगावी, असा ऐवज त्यात नक्की आहे.

बढाईखोरांची आणखी एक जात आहे, जिचं कुणी खरं मानावं अशी अपेक्षाच नसते. अठराव्या शतकातले हिएरोनिमस फॉन म्युन्शहाउझेन हे जर्मन सरदार रशियाच्या सैन्यातून तुर्कांशी लढले आणि निवृत्तीनंतर पाहुण्यांना मोहिमांच्या अद्भुत कथा सांगत बसले. १७८५च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्या कथांचं पुस्तक निघालं आणि तोफगोळ्यावर बसून उडणारा हा गृहस्थ जगभर पोचला. १९४३मध्ये नाझी राजवटीच्या उफा कंपनीने पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त त्याच्यावर भव्य रंगीत चित्रपट काढला. दिग्दर्शक जोसेफ फॉन बाकी, नायक हान्स आल्बर्स, पाठीराखा प्रचारमंत्री गोबेल्स. पटकथा लिहिली मात्र एरिष केस्टनरने, ज्याची पुस्तकं १९३३मध्ये बर्लिनमध्ये जाहीरपणे जाळली गेली होती आणि ज्याच्या लेखनावर बंदी होती. त्याला बेर्टोल्ट ब्युर्गर हे टोपणनाव घ्यावं लागलं. मार्च १९४३मध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला, त्याच्या सुमारे महिनाभर आधी स्टालिनग्राडला जर्मन सैन्याने शरणागती पत्करली होती. रोज रेडिओवरून विजयाच्या वल्गना ऐकणाऱ्या लोकांसमोर पडद्यावर एक हसरा थापाड्या आला. त्याच्या थापांनी कुणाचं घर उद्ध्वस्त होत नव्हतं. केस्टनरच्या पटकथेत सत्तेची हाव धरणाऱ्या माणसापासून हा सरदार स्वतःला स्पष्टपणे वेगळा काढतो. बंदी घातलेल्या लेखकाने ते कुठे आणि कुणाच्या पैशांवर लिहिलं, हे लक्षात घेतलं की त्या प्रवेशाचं मोल कळतं.

सिनेमा दोन-तीन तासांत संपतो. टेलिव्हिजनची गरज वेगळी. बढाईखोराची फजिती करायची, पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा छाती काढून यायला हवा. त्यामुळे लेखकांना त्याच्याशी जपून वागावं लागतं. अमेरिकेतल्या ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधला हवालदार बार्नी फाइफ गावाचा रक्षक म्हणून मिरवतो, पण त्याच्या हातून गोळी कधी सुटेल याचा नेम नसल्याने शेरीफने त्याला एकच गोळी दिलेली आहे, आणि तीही बंदुकीत न भरता शर्टाच्या खिशात ठेवायची. डॉन नॉट्स यांनी या भूमिकेसाठी पाच एमी पुरस्कार मिळवले. ‘द मेरी टायलर मूर शो’मध्ये (१९७०-७७) टेड बॅक्स्टर हा वृत्तनिवेदक आहे. आवाज भारदस्त, डोकं रिकामं, स्वतःच्या थोरवीबद्दल तिळमात्र शंका नाही. शेवटच्या भागात वाहिनीचा नवा प्रमुख येतो आणि वृत्तविभागातल्या सगळ्यांना काढून टाकतो. एकटा टेड राहतो. सात वर्षं त्याच्यावर हसलेल्या प्रेक्षकाला हा शेवट चांगलाच लागतो, कारण असं कामाच्या ठिकाणी घडताना पुष्कळांनी पाहिलेलं असतं.

या सगळ्यांत ब्रिटिश मालिका ‘डॅड्स आर्मी’ची उंची वेगळी आहे. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेली ही मालिका बीबीसीवर १९६८ ते १९७७ चालली, भाग ८०. विषय १९४०चा. हिटलर इंग्लंडवर उतरणार या धास्तीने सरकारने म्हाताऱ्या आणि सैन्यात न घेतलेल्या माणसांचं होमगार्ड दल उभारलं, त्यातली एका काल्पनिक किनारी गावातली तुकडी. पेरी स्वतः पोरवयात होमगार्डमध्ये होते. तुकडीचा कॅप्टन मेनवॉरिंग (आर्थर लो) हा बँकेचा शाखाधिकारी: बुटका, गोल, चष्मेवाला, आणि आपण जन्मजात सेनापती आहोत अशी खात्री असलेला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला पोचला तेव्हा लढाई संपून गेली होती, आणि ही सल त्याच्या प्रत्येक भाषणामागे आहे. त्याचा सार्जंट विल्सन बँकेतही त्याच्याच हाताखाली, पण घराणं उच्चभ्रू, चालणं-बोलणं सहज रुबाबदार. मेनवॉरिंग मोठ्या आवाजात काहीही म्हणाला की विल्सन फक्त भुवई उंचावतो. तेवढ्याने काम होतं.

तुकडीतला खाटीक जोन्स आपण सुदानात सेनापती किचनरच्या फौजेत होतो, याच्या कथा संधी मिळेल तेव्हा सुरू करतो, आणि शत्रू समोर येताच घाबरू नका, घाबरू नका, असं ओरडत सगळ्यांत जास्त तोच घाबरतो. सत्तरीचा हा म्हातारा साकारणारे क्लाइव्ह डन सुरुवातीला जेमतेम ४८ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः जर्मनांच्या हाती सापडून कित्येक वर्षं युद्धकैदी होते.

तुकडीतला सर्वात मऊ माणूस गॉडफ्री. थकलेला, सौम्य, घरी बहिणींसोबत राहणारा. १९६९च्या एका भागात उघड होतं, की पहिल्या महायुद्धात त्याने सद्सद्विवेकाच्या कारणाने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. तुकडी त्याला वाळीत टाकते. तोंड फिरवणाऱ्यांत सर्वात पुढे मेनवॉरिंग. मग सरावाच्या वेळी धुराने भरलेल्या खोपटात मेनवॉरिंग अडकतो आणि गॉडफ्री आत शिरून त्याला वाचवतो. आजारी गॉडफ्रीला भेटायला सगळे त्याच्या घरी जातात तेव्हा पलंगाजवळच्या जुन्या फोटोत त्याच्या छातीवर पदक दिसतं. शस्त्र न घेता तो जखमींना उचलायला गेला होता आणि सोमच्या लढाईत गोळीबारात शिरून त्याने माणसं वाचवली होती. इतक्या वर्षांत त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. गॉडफ्री झालेले अर्नोल्ड रिडली स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत जखमी झाले होते. बढाया मारणाऱ्यांनी भरलेल्या मालिकेत लेखकांनी गप्प बसणाऱ्याला अशी जागा दिली, म्हणून बढाईखोरांवरचं हसूही खोल झालं.

आणि मेनवॉरिंगवरही त्यांनी अन्याय केला नाही. एका भागात बँकेच्या तळघरात न फुटलेला बॉम्ब पडतो, आणि मेनवॉरिंग व विल्सन तो दोन हातांवर तोलून बसून राहतात. हललं की संपलं. मेनवॉरिंगचा आवाज नेहमीइतकाच अधिकाराचा असतो, पण तो जागचा हलत नाही. त्याच्या बढाया पोकळ असल्या तरी त्याचं धैर्य पोकळ नाही.

भारतीय पडद्यावरच्या एका बढाईखोराने तर भाषेच्या सीमा ओलांडल्या. सी. व्ही. श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटात नागेश यांचा चेल्लप्पा आहे. त्याच्यापाशी ना पैसा, ना अनुभव. तरी त्याने ‘ओहो प्रॉडक्शन्स’ काढलेली आहे आणि जगाला हादरवणारा सिनेमा आपण करणार असं तो सांगत फिरतो. भांडवल बापाकडून उकळायचं, म्हणून बापाला, म्हणजे बालय्यांना, भुताटकीची पटकथा ऐकवायला बसतो. श्रीधर यांनीच १९६६मध्ये हिंदीत ‘प्यार किये जा’ केला, तेव्हा ती जागा महमूद आणि ओमप्रकाश यांनी घेतली. मराठीत हीच कथा १९८५मध्ये महेश कोठारे यांच्या दिग्दर्शनातल्या पहिल्या चित्रपटात, ‘धुमधडाका’मध्ये आली. सिनेमाचं वेड लागलेला लेक तिथे लक्ष्मीकांत बेर्डे, आणि त्याच्या वेडाने हैराण झालेला बाप शरद तळवलकर.

महमूदचा तो प्रसंग मुद्दाम पुन्हा पाहावा. पोरगा रिकामटेकडा आहे, याच्या बातांत दम नाही, हे ओमप्रकाशला पक्कं ठाऊक. तो वैतागून ऐकायला बसतो. महमूद दार करकरल्याचा आवाज तोंडाने काढतो, पावलं वाजवतो, वारा घोंगावतो, मधेच किंचाळतो. ना पडदा, ना वाद्यं. ओमप्रकाश बोलत काहीच नाही; चेहरा मात्र आधी त्रासिक, मग सावध, मग पांढराफटक. या भूमिकेसाठी महमूद यांना सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, पण प्रसंग अर्धाअधिक ओमप्रकाश यांचा आहे. खिशात दमडी नसलेला निर्माता आपला सिनेमा त्या खोलीत पूर्ण करून दाखवतो, आणि त्याला एक पैसाही द्यायचा नाही असं ठरवून बसलेला त्याचा एकुलता एक प्रेक्षक घाबरून घामाघूम झालेला असतो.